कुणीही न पाहिलेल्या खुर्च्या

दार ठोठावण्यातही जाती असतात. घरमालकाचं ठोठावणं मुठीच्या बुडाने, पाद्र्याचं बोटाच्या पेराने, आणि आमच्या शेजारच्या मिस अर्लीनचं बुटाच्या टोकाने, कारण तिच्या दोन्ही हातांत कायम पातेलं असतं. त्या सकाळी आलेलं ठोठावणं यांतलं कुठलंच नव्हतं. एकसारखं, बिनघाईचं, जणू दाराला काही विचारायचं नव्हतं, नुसतं कळवायचं होतं. माझ्या ओठांत तेव्हा सुई धरलेली. तशीच धरून मी दार उघडलं, तर पायरीवर एक बाई आणि एक बुवा, दोघांचे निळे रेनकोट एकाच ताग्यातले, आणि बाईच्या हातातल्या पाकिटात सोनेरी बिल्ला. "मिस्टर लुशियस पिशॉन? मी एजंट टिल्डन. महासाथीत धंदे तगावेत म्हणून सरकारनं कर्जं दिली, त्यातलं एक तुम्ही घेतलंत. सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचं दुकान, कामगारांचे पगार, असं तुम्ही लिहून दिलंय. आम्ही तुमच्या गल्लीत विचारलं. या घरात खुर्ची जाताना किंवा येताना कुणीच कधी पाहिलेली नाही." ओठांत सुई होती म्हणून मी वाचलो. कारण बाईचं वाक्य संपायच्या आत माझ्या डोक्यात खुर्ची तयार झाली होती: बिशपची खुर्ची, मगरीच्या कातड्याची, पुरात नदीतून वाहत आलेली, आणि मगर अजून आतच असल्यामुळे बिशप बसले की हळूच कण्हणारी. मी सुई काढायला हात वर केला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून अर्लीनचा आवाज आला, "लुशियस! तोंड!" आणि मग पदार्थाला झाकण घालावं तशी ती माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभी राहिली. "हा वकिलाशिवाय बोलत नाही," ती म्हणाली. बाई म्हणाली, "मॅडम, आम्ही फक्त..." अर्लीन म्हणाली, "सिनेमे मीही बघते हं, बाळा. कार्ड ठेव पायरीवर, आणि जपून उतर, तिसरी फळी सडलीय."

आता अशा वेळी माणसानं घाबरावं. मलाही वाटलं, छातीत काहीतरी हललं ती भीतीच असणार. पण आत येऊन स्टुलावर बसलो आणि नीट चाचपून पाहिलं तर भीती नव्हती. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. गुडघे दुखत नव्हते. कान साफ झाले होते, मागच्या गल्लीतलं ट्रम्पेट शिकणारं पोर कुठल्या सुरावर अडतंय तेही ऐकू येत होतं. न्हाव्याच्या दुकानात मी गोष्ट सुरू केली की हल्ली लोक टोप्या शोधायला लागतात. "लुशियस, तो मासा मागच्या वर्षी एवढा नव्हता," म्हणतात. महापुराच्या साली आमच्या पायऱ्या चढून एक कॅटफिश वर आला, सोमवार होता, म्हणजे आमच्याकडे घरोघरी लाल राजमा, म्हणून त्यानं चुलीवरचं झाकण उघडून पाहिलं आणि मीठ कमी आहे म्हणून परत गेला, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की आता ऐकणारेच शेवट सांगतात. आणि इथे अमेरिकेच्या सरकारनं, पगार देऊन, रेनकोट देऊन, दोन धडधाकट माणसं माझी गोष्ट ऐकायला पाठवली होती! ती हसणार नव्हती. लिहून घेणार होती. माझ्या प्रत्येक शब्दाच्या मागे जाऊन बघणार होती. आयुष्यभर ज्याला कुणी खरं मानलं नाही त्याला आणखी काय हवं? "हसतोस काय?" अर्लीननं विचारलं. मी म्हटलं, "हसत नाही, विचार करतोय." "तेच ते," ती म्हणाली, "तुझे दात दिसताहेत."

तिच्या मागे, मधल्या खोलीत, चादरींखाली पोशाख उभे होते. लांबट घर आमचं, बंदुकीच्या नळीसारखं, पुढच्या दारातून मागचं दार दिसावं असं. म्हणून मधल्या खोलीला जाड पडदे. कार्निव्हल जवळ आलेला, शिवणकाम गळ्याशी. कार्निव्हलच्या मंगळवारी सकाळी आमच्या काळ्या लोकांच्या वस्त्यांतून टोळ्यांचे सरदार निघतात: मण्यांचे आणि पिसांचे पोशाख, माणसापेक्षा जड, दारातून आडवे होऊन काढावे लागतात. दोन टोळ्या कोपऱ्यावर समोरासमोर आल्या की पूर्वी सुरे निघायचे, आता सौंदर्यानं मारामारी होते. कोण देखणा, एवढाच प्रश्न. आणि त्याच्या आधीचा, न विचारलेला, त्याहून मोठा: कुणी शिवलं? प्रत्येक सरदाराचं उत्तर एकच असतं. मी. माझ्या सुईनं. सरदार वर्षभर स्वतःच्या हातांनी मणी मणी टाचतो, बोटांची चाळण करतो, आणि त्या सकाळपर्यंत बायकोलासुद्धा रंग सांगत नाही. दुसऱ्यानं शिवलेला पोशाख घालणारा सरदार म्हणजे खोटे दात लावून चावायला निघालेला कुत्रा. त्याच्याकडे पोरंसुद्धा वळून बघणार नाहीत. तर असे खोटे दात मी बसवायचो. मी, अर्लीन, आणि तिच्या दोन जुळ्या बहिणी. सगळ्यांचे नव्हे, ज्यांचे डोळे गेले, ज्यांना गोदीत दोन पाळ्या कराव्या लागल्या, ज्यांच्या बायका गेल्या आणि सुई हातात धरवेना, त्यांचे. ते मागच्या दाराने यायचे. पोशाख निघायचा तोही मागच्या दाराने, शववाहिनीतून. हे तेवढं खरंच. वाहिनी अर्लीनच्या भावाची होती.

आणि म्हणून खुर्च्या. टाळेबंदीच्या पहिल्या वर्षात कार्निव्हल निघाला नाही, कुणी पोशाख मागितला नाही, जुळ्या बहिणी शेंगदाण्यावर दिवस काढत होत्या. कर्जाच्या कागदावर विचारलं होतं, धंदा कसला? पगार खरे होते, कामगार खरे होते, सुया खऱ्या होत्या. फक्त धंद्याचं नाव मला लिहिता येत नव्हतं. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला खूप सुचतं असं लोक समजतात. मला त्या रकान्यापुढे काही म्हणजे काही सुचेना. खोलीत पाहिलं तर मी बसलो होतो ती खुर्ची दिसली. गंमत अशी की गल्लीतल्या लोकांनी परवा मला वाचवायला म्हणूनच सांगितलं, "लुशियसकडे काही कामबिम होत नाही, म्हातारा नुसता थापा मारतो." मागच्या दाराची राखण सगळी गल्ली करत होती. इतकी चोख राखण की त्यानं मी तुरुंगात जाणार होतो.

सोलांजचं ऑफिस न्यायालयाच्या मागच्या रस्त्यावर, एका दातांच्या डॉक्टराच्या वर. वकील सोलांज बेलिझेर. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मी हातात धरलेलं, म्हणून ती मला पारँ म्हणते, धर्मबाप. वाघीण आहे. जिना चढतानाच मला पुन्हा ती आनंदाची उकळी फुटायला लागली. खिशात नवा रुमाल, डोक्यावर नवी हॅट. "पारँ," ती म्हणाली, "ही हॅट कशाला?" मी म्हटलं, "फोटो काढतील ना?" तिनं डोळे मिटले, उघडले. "बसा. आणि ऐका, नुसतं ऐका. घरातलं काही फेकायचं नाही, जाळायचं नाही, एक मणीसुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही. मिस अर्लीनला काय बोलायचं ते शिकवायचं नाही; ती खरं असेल ते बोलेल. आणि त्या बाईसमोर थाप मारायची नाही. कर्ज लबाडीनं घेतलं का हा एक प्रश्न. पण तिच्यासमोर खोटं बोललात तर तो आपोआप दुसरा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत. पहिल्यातून सुटलात तरी दुसऱ्यात अडकाल. कळलं?" "एका थापेला पाच वर्षं?" "एका थापेला." माझ्या मनात झरकन हिशेब सुरू झाला, महापुरातल्या कॅटफिशपासून, बायबलातल्या नोहाच्या काळापासून तुरुंगात बसलो असतो तरी शिक्षा संपली नसती. मला हसू आलं. तिला आलं नाही.

"आता सांगा. खुर्च्या कुणाच्या?" मी बिशपपासून सुरुवात केली. ती टेबलावरच्या कार्निव्हलच्या केककडे बघत राहिली, जांभळी-हिरवी-सोनेरी साखर, अजून न कापलेला. मगर कण्हायला लागली तेव्हा तिनं हात वर केला. "पारँ. मी न्हाव्याचं दुकान नाही. खुर्च्या नव्हत्याच, हे मला कळतंय. मण्यांचं काहीतरी आहे, तेही कळतंय. मी याच वस्तीत वाढले, शववाहिनी कुणाकडे उगाच इतक्या वेळा जात नाही. काय काम होतं ते तुम्ही त्यांना खरं सांगायचं, पगार जुळतात, मिस अर्लीन सांगेल, तिच्या बहिणी सांगतील. पण मला एक काम हवं, दाखवता येईल असं. एक पोशाख, एक नाव. जिवंत सरदार कबूल होणार नाहीत, त्यांना मी हात लावणार नाही. एकच नाव द्या." बाहेर ट्रामची घंटा वाजली. खालून दातांचं यंत्र घुरघुरत होतं. मी विचारलं, "मेलेला चालेल?" "चालेल." ती पेन उचलून तयार होती. नखं आखूड कापलेली, बापासारखी.

तिचा बाप, अनातोल, पहिल्यांदा मागच्या दाराशी आला तेव्हा दोन्ही हात टॉवेलात गुंडाळलेले होते. मला वाटलं चोरलेली कोंबडी आहे. आत येऊन टॉवेल सोडला. साखरेच्या आजारानं बोटांची टोकं बधिर झालेली, सुई कुठे शिरते ते त्याला कळत नव्हतं; पांढऱ्या कॅनव्हासवर रक्ताचे ठिपके पडलेले आणि त्याला ते दिसतही नव्हते. "लुशियस, सुई मला लागतच नाही रे," तो म्हणाला. आख्ख्या सातव्या वॉर्डात ज्याच्यासारखा टाका कुणाचा नव्हता तो माणूस. पन्नाशी-साठीतली आमची अर्धी भांडणं त्याच्या टाक्यावरून झालेली, कारण माझा टाका त्याच्याहून बरा हे फक्त मलाच माहीत होतं. एक दुपार तो आमच्यात बसला, दोरा ओवायचा प्रयत्न केला, बसला, उठला, आणि पुन्हा त्या खोलीत आला नाही. त्याचा पांढरा पोशाख आम्ही चौघांनी शिवला. महासाथीच्या आधीच्या त्या शेवटच्या कार्निव्हलला दार उघडलं आणि तो बाहेर आला तेव्हा रस्त्यावर एवढी शांतता झाली की पिसं एकमेकांना घासलेली ऐकू येत होती. नंतर सगळे एकदम ओरडायला लागले. मी गर्दीत, तळलेल्या माशाचा कागद हातात धरून. आणि त्याच्या मागे सोलांज, एवढी मोठी वकील, न्यायालयातले बूट हातात, अनवाणी नाचत, भेटेल त्याचा दंड धरून सांगत होती, "माझ्या डॅडीनं शिवलाय! एकेक मणी! डोळे गेलेत तरी एकेक मणी!" माझाही दंड धरला तिनं. मला म्हणाली, "पारँ, बघितलंत?" मी म्हटलं, "बघितलं." एवढंच. गोष्ट सांगायची सोडून गप्प बसलो असा प्रसंग माझ्या आयुष्यात तेवढा एकच. त्याच वसंतात अनातोल साथीत गेला. दफनाला दहा माणसांची परवानगी. बँड नाही, नाच नाही; आम्ही गाड्यांत काचा वर करून बसलो होतो. पोशाख तेवढा तिच्या घरी राहिला.

"तुझा बाप," मी म्हटलं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं सुरी घेतली आणि केक कापायला लागली. एक तुकडा माझ्यासमोर ठेवला, रीतीप्रमाणे, आणि मग कापतच राहिली, कुणी येणार नव्हतं तरी, सबंध केकचे तुकडे होईपर्यंत. "कुठला?" "शेवटचा." "तो पांढरा?" "पांढरा." "पारँ, तुम्ही आयुष्यात एक तरी गोष्ट खरी सांगितलीय?" "ही." "मग नेमकी हीच का?" मी केकवरची साखर बोटानं टिपली. ती म्हणाली, "नियमानं मी हे काम दुसऱ्या वकिलाला द्यायला हवं." मी म्हटलं, "दे बाळा. मी परत घेतो हवं तर. थाप होती म्हणतो. अगं, थापच होती, मी काय..." "गप्प!" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बापाचा आला, कोपऱ्यावरून दुसऱ्या टोळीला थांबवणारा. "परत घेतलंत तर तुम्ही आत जाल. आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला हे ऐकायचं नाही. मीच करणार." जिना उतरून रस्त्यावर आलो. हॅट वरच राहिली होती. परत मागायला गेलो नाही.

मधल्या दिवसांत ती कामापुरतं बोलली. अर्लीनला आणि बहिणींना वेगवेगळं बोलावून एजंटांनी विचारून घेतलं. अर्लीन येताना तिथला बिस्किटांचा पुडाही घेऊन आली. "सगळं सांगितलं," म्हणाली, "मोकळं वाटलं. कपडे उतरवल्यासारखं. तू पण तसंच कर, फक्त शोभा करू नकोस." मी घरी नुसता बसायचो, चादरी बघत. उकळी गेली नव्हती. लाज वाटावी इतकी ती तिथेच होती, पोटाच्या खाली कुठेतरी, परेड निघायच्या आधी लांबून ढोल ऐकू यावा तशी. मी स्वतःला सांगायचो, लुशियस, त्या पोरीचं घर तू पेटवलंस. आणि लगेच आतून कुणीतरी विचारायचं, पण कधी जायचं? कधी?

मग गेलो. वीस मजली काचेची इमारत, आत थंडी एवढी की पेंग्विन रजेचा अर्ज देतील. टिल्डनबाई रेनकोटाशिवाय लहान दिसत होती, नाक सर्दीनं लाल. तिचा सोबती कोपऱ्यात लिहायला बसला. तिनं इशारा वाचून दाखवला: इथे जाणूनबुजून खोटं सांगितलं तर तो गुन्हा. सोलांज माझ्या डाव्या हाताला, पेन कागदावर टेकवून, माझ्याकडे न बघता. आणि मी सांगायला लागलो. काय सांगू, खरं बोलणं एवढं चढतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! वाक्यं आपोआप आखूड व्हायला लागली. कॅनव्हास. मेण लावलेला दोरा. मागचं दार. कोण किती वाजता यायचं, कोणाला किती मजुरी, खुर्ची का लिहिली. बाईनं विचारावं आणि मी सांगावं, आणि प्रत्येक गोष्ट तिच्या कागदातल्या गोष्टीशी टक् करून बसावी, मण्याच्या शेजारी मणी. कपाळावर घाम आला त्या थंडीत. खुर्चीबद्दल लिहिलं ते चुकलंच, म्हटलं, त्याची काय शिक्षा असेल ती द्या. ती सोबत्याकडे वळली, तो मान हलवून काहीतरी म्हणाला, आणि तिनं पेनाला टोपण घालायला घेतलं. मी वाचलो होतो. हे खोलीत सगळ्यांना एकदम कळलं, सोलांजच्या खांद्यांनासुद्धा.

"एकच राहिलं," टिल्डनबाई म्हणाली, टोपण पुन्हा काढलं, आणि पोशाखाचा फोटो टेबलावर सरकवला. मोठा, रंगीत, सोलांजच्याच घरी काढलेला. पांढरा. छातीवर पंख पसरलेला गरुड, पंजात साप. "नोंद पूर्ण असावी म्हणून विचारते. तीन बायकांनी आपापला भाग दाखवलाय, उरलेला तुम्ही. म्हणजे यातलं सरदार बेलिझेर यांनी स्वतः काहीच शिवलं नाही?"

सोलांजचं पेन थांबलं. ती वर बघत नव्हती. तिच्या कानामागची शीर तेवढी मला दिसत होती, लहानपणी ताप आला की दिसायची तशी. काहीच नाही, मिस. इतकं सोपं वाक्य. खरं, आखूड, आणि त्याच्या पलीकडे घरी जायचा रस्ता. मी तोंड उघडलं आणि थाप आली. सगळ्या थापा एकदम याव्या तशी आली: अनातोल वादळाच्या रात्री आलाय, घरातले दिवे गेलेत, तो अंधारातच शिवतोय, बधिर बोटांनी, ओठांनी मणी चाचपत, सगळा डावा पंख, सापाचे खवले, आणि पहाटे नदी स्वतः किनारा सोडून बघायला... शब्द जिभेच्या टोकावर आले होते. अर्लीन इथे नव्हती. मी दोन्ही हातांनी खुर्चीचा काठ धरला आणि ती थाप मागे ढकलली, कापली, अजून कापली, नदी काढली, वादळ काढलं, साप परत आमचा आम्ही घेतला, पंख घेतला. आयुष्यात एवढी कंजुषी मी कधी केली नव्हती.

"एक मणी," मी म्हटलं. "गरुडाचा डोळा. तो त्यानं शिवला."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"दोरा मी ओवून दिला. शिवला त्यानं."

"बाकीच्यांनी हे सांगितलं नाही."

"त्या घरी गेल्या होत्या, मिस. त्याला चारचौघांत दोन मणी सांडायचे नव्हते."

टिल्डनबाईनं नाक पुसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, न्हाव्याच्या दुकानातलं कुणी पाहत नाही तसं. टोपी न शोधता. छातीत ढोल असा वाजत होता की टेबलावरचं पाणी हलेल असं मला वाटलं. पाच वर्षं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आयुष्यातल्या सगळ्यात लहान थापेसाठी. मी वयानं विशीत आलो होतो. त्या क्षणी कुणी म्हटलं असतं नाच, तर टेबलावर चढलो असतो. मग तिनं लिहिलं. लिहून झाल्यावर फोटो माझ्याकडे फिरवला. "गरुडाला दोन डोळे आहेत, मिस्टर पिशॉन. कुठला?"

डावा मी शिवला होता, उजवा अर्लीननं. मी डाव्यावर बोट ठेवलं आणि तिथेच दाबून धरलं. सोलांजनं पेन खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला, आणि माझ्या हातावरून पुढे वाकून, अगदी जवळून, बघायला लागली.